मला भंगारात न्यायला आले होते

मी दवनीवाड्यातला जुना कंप्युटर बोलून राहिलो. अल्काच्या दुकानात झेरॉक्स मशीनशेजारी माझी जागा आहे. आज मी जरा तावात आहे, तेव्हा ऐकून घ्या.

पूर्वी माझ्या अंगात दुसरी सिस्टीम होती. तिचा हेका असा, की मालकाचं काम चालू असो नाहीतर नसो, लहर आली की ती स्वतःलाच नवं करत बसायची.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्री नाटक होतं. त्या नाटकांची पत्रकं अल्का बनवते. यंदा गावचं पत्रक होत आलं आणि माझा पडदा निळा झाला. तिला तेव्हाच नवं व्हायची लहर आली होती. थांबा, बंद करू नका म्हणे! अल्काच्या नवऱ्याला, राजदीपला वाटलं मी अडकलो. त्यानं सरळ वायर उपसली. पत्रक गेलं, सिस्टीमही गेली. मग त्यालाच ऑटोवर भोंगा बांधून नाटकाचं नाव ओरडत फिरावं लागलं. चूक त्याची आणि बदनाम मी.

मेकॅनिक म्हणाला, नवी सिस्टीम याला झेपणार नाही. राजदीपनं लगेच भंगारवाल्या भैयाजीला फोन लावला. मला रडू आलं असतं, पण आम्हाला ती सोय नाही.

त्याच संध्याकाळी अल्काची मैत्रीण चंदा आली. ती तिरोड्याला कॉलेजात शिकवते. तिनं पेनड्राइव्हवरून माझ्यात डेबियन घातलं. देशोदेशीच्या लोकांनी मिळून बनवलेली ही सिस्टीम, कोणीही घ्यावी आणि जाणत्यानं दुरुस्त करावी. माझ्यात आहे तेवढ्या ताकदीत ती भागवते. मराठीत बोलते. नवं काही घालायचं तर आधी विचारते. इतक्या वर्षांत मला कोणी काही विचारलंच नव्हतं हो.

राजदीपला मात्र पटेना. "फुकटात भेटते म्हंजे खोट असनच. मालक कोन याचा?"

"आपल्या तलावाचा कोन मालक आहे?" अल्का टाइप करता करता बोलली. "पाळ फुटली का सारं गाव माती टाकाले जाते. मंग त्या पान्यात खोट आहे काय?"

"त्या डब्ब्यासाठी तू कायले एवढी भांडून राहिली?"

"माहं काम मले न इचारता बंद करनारं कोनी मले नाई पायजे. मशीन नाई, अन् मानूसबी नाई."

राजदीप वायरीकडे बघत राहिला. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी भैयाजी ठेला घेऊन दारात हजर. अल्कानं बटण दाबलं. पडद्यावर डेबियनची खूण, तो लाल वळसा, आली. शेजारच्या गावच्या मंडईचं पत्रक उघडलं आणि प्रिंटर खडखडायला लागला. भैयाजीनं गरम कागद हातात घेऊन पुरता वाचला.

"भाभी, ये तो चालू है. चालू चीज मैं नहीं उठाता." मग डोकं खाजवत म्हणाला, "मेरे पास ऐसेच दो पड़े हैं. इसमें का उनमें डालते आता क्या?"

"आना ते दोन्ही," अल्का म्हणाली.

मला न्यायला आलेला माणूस संध्याकाळी दोन ठेवून गेला. ते दोघे आता माझ्या शेजारी आहेत. एकाचा पंखा घरघरतो, पण कामाला पक्का आहे.

तुमच्या माळ्यावर आमच्यातला कोणी धूळ खात पडला असेल, तर त्याला खाली उतरवा. मी थकेन तेव्हा थकेन, ते अल्काला आधी कळेल. तोवर राजदीपभाऊ, वायरीला हात लावायच्या आधी अल्काला विचारायचं.