सहा नंबरची शिट्टी

कुणी मला हिसकावून घेतलं नाही, तेव्हाच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

मी शिट्टी बोलतेय. जंगलाच्या कडेला एक लॉज आहे, मुलाबाळांना घेऊन राहायला येतात तसलं. तिथली मी सहा नंबरची. इथे येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या गळ्यात आल्या आल्या एक शिट्टी अडकवतात. दिवेलागणीला मुलांनी खोलीच्या व्हरांड्यात येऊन ती एकदा फुंकायची. म्हणजे, 'मी आत आहे.' फाटकावरचे पहारेकरी काका दोनदा फुंकतात. म्हणजे, 'ऐकलं.' सगळ्या शिट्ट्या वाजल्या की मगच फाटक लागतं. पलीकडे बिबट्या फिरतो, त्यामुळे या नियमात थट्टा चालत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा वाकवला, पोटात बुचाचा दाणा सोडला, एका बाईने फुंकून पाहिलं आणि मी दचकले. अजून दचकते. शिट्टीने स्वतःच्याच आवाजाला घाबरावं म्हणजे कमालच, पण खरं तेच सांगतेय.

एकच मुलगी अशी होती, जिच्या तोंडी मला भीती वाटली नाही. लागोपाठ दोन वर्षं ती माझ्या वाट्याला आली. दातांना तार लावलेली, आणि हाती येईल ते चावायची खोड. माझ्या ओठावर तिच्या दातांच्या दोन खुणा आहेत. तिथून हवा निसटते, म्हणून माझा आवाज फाटका. ती मुद्दाम सगळ्यांच्या शेवटी फुंकायची. मग काका फाटकावरून ओरडायचे, "आली एकदाची फाटक्या गळ्याची!"

या वर्षी काउंटरवरच्या बाईंनी गेल्या वर्षीची वही बघून पाच आणि सहा नंबर काढून ठेवले. नेहमीची माणसं ना. तिच्या धाकट्या बहिणीने पाच नंबर गळ्यात घातला. मी तशीच पडून राहिले.

"मोठी कुठेय? गाडीत झोपली वाटतं?" बाईंनी हसत विचारलं.

"येईल मागून," वडील एवढंच म्हणाले.

आईने त्यांच्याकडे पाहिलं, मला उचललं आणि पर्समध्ये टाकलं. आत कंगवा होता, रुमाल होता आणि घडी घालून घालून मऊ पडलेला दवाखान्याचा कागद होता. आईचा हात रुमालासाठी आत यायचा आणि आधी मला चाचपायचा. तिचं बोट त्या दोन खुणांवर थांबलं, तेव्हा मला कळलं. मागून कुणी येणार नव्हतं.

दुपारी ती तिघं जवळच्या गावात गेली. तिथे जुनं रणांगण आहे. वाटाड्या सांगत होता, "लढाई संपल्यावर इथेच हजेरी घेतली. एकेक नाव तीनदा पुकारायचं. तिसऱ्यांदाही ओ आली नाही, तरच कागदावर खूण."

"तीनदा कशाला?" धाकटीने विचारलं. दिवसभरात ती पहिल्यांदाच बोलली.

"असेल की झुडपामागे. लगेच कसं सोडून द्यायचं?"

परतताना आईने गाडीत दोनदा धाकटीला हाक मारली. तिने ओ दिली नाही. आईवडिलांच्या बोलण्यातून मला कळलं, घरी दोघींच्या वतीने ताईच ओ द्यायची. ती गेल्यापासून धाकटी हाक मारली की मुकाट्याने समोर येऊन उभी राहते, एवढंच.

दिवेलागण झाली. एक, दोन, तीन, चार वाजल्या. मग शांतता. थोड्या वेळाने काका स्वतःच व्हरांड्यापाशी आले.

"पाच पण नाही, सहा पण नाही. दोघी लपल्यात की काय? फाटक उघडं ठेवलंय हो मी. त्या फाटक्या गळ्याच्या बाईसाहेबांना म्हणावं, म्हातारा उभा आहे."

वडील पायरीवर बसले. "काका, धाकटी आत आहे," ते म्हणाले. पुढचं त्यांना इतकं हळू सांगावं लागलं, की काका ऐकायला वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"मग फाटक..." काका आईकडे वळले. "वहिनी, तुम्ही सांगाल तेव्हाच लावतो." ते फाटकाशी जाऊन उभे राहिले.

आईने मला बाहेर काढलं. पुसलं नाही. त्या दोन खुणांवर स्वतःचे दात टेकवले आणि फुंकलं. माझा तोच फाटका आवाज झाडांपर्यंत गेला. काकांनी आपली शिट्टी तोंडाला लावली, पण त्यांना फुंकवेना.

आईने पुन्हा फुंकलं. काहीच नाही. मला वाटलं, पोटातला दाणा आता फुटेल.

तिसऱ्यांदा तिचा श्वास पुरला नाही. मी जेमतेम वाजले. वडिलांनी डोळे मिटून घेतले. फाटकाकडे कुणी हललं नाही.

आणि मागून, खोलीतल्या अंधारातून, पाच नंबर वाजला. एकदा. मग थांबून, आणखी एकदा.