छतातला दिवा

शेजारच्या डॉक्टरीणबाईंच्या गाडीत एअरबॅगचा लाल दिवा पेटला होता तो विझायचं नावच घेत नव्हता. "पेशंटपेक्षा हिच्याच जास्त तक्रारी," म्हणत त्यांनी सकाळीच किल्ली गॅरेजमध्ये आणून दिली. मेकॅनिक ताईने स्कॅनर लावला. दोष ड्रायव्हरच्या बाजूच्या एअरबॅगच्या वायरीत दिसत होता. तिने हॉर्न दाबून बघितला, तोही मुका. म्हणजे स्टिअरिंगच्या मागे गुंडाळलेली पट्टी तुटली असणार. दोन्हींची वायर तिथूनच जाते.

तिने बॉनेट उघडलं, बॅटरीची वायर काढली आणि उरलासुरला करंट उतरेपर्यंत थांबली. मग सीटवर बसून स्टिअरिंगच्या मधली एअरबॅग अलगद मोकळी केली. ती पिवळ्या वायरींवर लोंबकळली, नेमकी तिच्या छातीसमोर. आता फक्त क्लिप निघायची होती, पण ती हट्टाला पेटली होती.

तेवढ्यात डोक्यावरचा छतातला दिवा लागला.

करंट आला होता! वर आलेल्या बॉनेटमुळे समोरचं काही दिसेना.

"कोण आहे तिकडे?"

"मी गं," वडिलांचा खुशीतला आवाज आला. "बॅटरीची वायर निघाली होती. बसवली घट्ट."

आयुष्यभर गॅरेज चालवलेला, तिला हात धरून शिकवलेला माणूस. अलीकडे विसरायचा, चष्मा, जेवण, कधी शेजाऱ्यांची नावं. वय झालंय, म्हणून घरच्यांनी हसण्यावारी नेलं होतं.

करंट चालू असताना क्लिप ओढली तर एअरबॅग ताईच्या छातीवरच फुटली असती, आणि एअरबॅग सोडून दिली तर ती झोके खात वायरीला हिसके देणार. तिने श्वाससुद्धा जपून घेतला.

बाबा दारापाशी आले. हातात किल्ली होती.

"सरक जरा. चालू करून बघू."

किल्लीचं भोक एअरबॅगपासून वीतभरावर. ओरडावं तर बाबा हल्ली घाबरले की हातात असेल तेच दामटून करायचे. किल्ली आत शिरली.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "एक विचारू? एअरबॅगचं काम असलं की सगळ्यात आधी काय करायचं?"

त्यांची बोटं किल्लीवरच थांबली. कपाळाला आठ्या पडल्या.

"बॅटरी काढायची," ते म्हणाले. "एवढंही शिकवलं नाही का तुला मी?"

"विसरले. तुम्हीच काढा ना."

"काय पोरगी आहे!" किल्ली तशीच ठेवून ते पुटपुटत पुढे गेले. पाना वाजला. दिवा विझला.

तरी ती हलली नाही. करंट उतरू दिला, मग क्लिप काढली, एअरबॅग तोंड वर करून टेबलावर ठेवली आणि बाहेरच्या कट्ट्यावर मटकन बसली. बाबा शेजारी येऊन बसले.

"कुणाची गाडी आहे गं?" त्यांनी विचारलं. सकाळी डॉक्टरीणबाईंच्या हातून किल्ली त्यांनीच घेतली होती.

पट्टी तुटलेलीच निघाली. दुपारी नवी बसवल्यावर लाल दिवा क्षणभर लागून विझला, हॉर्नही खणखणीत वाजला. डॉक्टरीणबाई गाडी घेऊन गेल्या.

संध्याकाळी तिने स्वयंपाकघरात आईला सगळं सांगितलं. "यापुढे त्यांना गॅरेजमध्ये एकटं सोडायचं नाही."

आई ओट्याकडे तोंड करून उभी होती.

"परवा गॅस तसाच सोडून फिरायला गेले होते," ती म्हणाली. "तुला सांगायची भीती वाटली."

"माझी?"

"सांगितलं की खरं होईल, म्हणून."

ताईने आईचा हात धरला. बाहेरच्या खोलीत बाबा बातम्या ऐकत होते. उद्या सकाळी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन जायचं, असं दोघींनी कुजबुजत ठरवलं.