लाँड्रीच्या धुराड्यातला भाऊ

इकडेतिकडे शोधू नका, मी दिसणार नाही. मला रंग नाही, वास नाही. तुमच्या डोक्यावरच्या हवेत रेंगाळणारा मी कार्बनचा वायू बोलतोय. वय म्हणाल तर बासष्ट, पण आमच्यात मी अजून पोरच.

त्याआधी मी कोळशात होतो. जमिनीखाली, काळोखात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. किती युगं झोपलो ते मलाही सांगता यायचं नाही. मग कुणीतरी तो कोळसा खणून काढला आणि फिरत फिरत तो एका लाँड्रीच्या बॉयलरसमोर येऊन पडला.

लाँड्रीवाला मोठा हौशी माणूस. त्या सकाळी मागच्या खोलीत त्याची बायको बाळंत झाली. मुलगी झाल्याचं कळताच त्याने आनंदाच्या भरात दोन फावडी कोळसा जास्तच लोटला. "आज बॉयलरलाही पोटभर जेवू दे," तो म्हणाला. त्या जास्तीच्या कोळशात मी होतो. तिकडे ती पहिल्यांदा रडली, इकडे मी धुराड्यातून वर निघालो. म्हणजे आम्ही जुळी भावंडंच म्हणायची.

माझ्याबरोबरची काजळी वाळत घातलेल्या चादरींवर बसली आणि तिने सगळ्यांची बोलणी खाल्ली. मला कुणी चकार शब्द बोललं नाही. लाँड्रीवाला वर बघून म्हणाला, "विरला धूर." भला माणूस, पण दिसेनासं झालं की संपलं, असं त्याला वाटायचं.

मी कुठला संपतोय? वाऱ्यावर हिंडलो, समुद्र पाहिले, ढगांच्या पोटाखाली लोळलो. अधूनमधून बहीण केवढी झाली ते बघायला छपरावर यायचो. दर खेपेला हवेत आमची गर्दी वाढलेली असायची. तापलेली जमीन ऊब वर सोडते, ती आम्ही धरून ठेवतो. एक दुलई अंगावर बरी वाटते, आम्ही मात्र एकावर एक चढतच गेलो.

लाँड्रीवाला गेला तेव्हा लाँड्री, दोन खोल्या आणि इस्त्रीचं लांब टेबल बहिणीला मिळालं. मीही तिच्याच वाट्याला आलो, पण कागदावर माझं नाव नव्हतं.

आता बहीण आजी झालीये. लाँड्री सांभाळायची म्हणून तिची लेक सात महिन्यांच्या बाळाला घेऊन राहायला आली होती. पण यंदाचा उन्हाळा काही औरच होता. परवा दुपारी बाळाने दूध घेतलं नाही, हाक मारली तरी डोळे उघडेना. डॉक्टरांनी सलाईन लावलं तेव्हा कुठे ते रडलं.

आपणच नाहीसं व्हावं असं मला वाटलं. पानं मला पिऊन टाकतात हे ऐकून होतो, म्हणून कोपऱ्यावरच्या झाडाकडे धावलो. पण भर उन्हात पाणी वाचवायला पानं आपली बारीक दारं मिटून घेतात. प्रत्येक पान बंद होतं. इतकं ऊन कुणामुळे तापलं, ते ठाऊक असल्याने मी मुकाट्याने परतलो.

लेक बॅग भरत होती.

"आई, डोंगरावरच्या गावात नोकरी बघितलीये. तिथे गार असतं."

"अगं, हे सगळं तुझ्यासाठीच तर ठेवलंय. पुढच्या वर्षी बघू की."

"पुढचं वर्ष याहून बरं जाईल, असं वाटतं तुला?"

बहीण घडी घातलेली चादर पुन्हा उलगडून घडी घालत बसली. मग हळूच म्हणाली, "बाबांनी आपल्यासाठी काही म्हणून कमी ठेवलं नाही गं."

ते ऐकून मला फार वाईट वाटलं. मुलीच्या आनंदात त्याने मला जागं केलं होतं, तिला त्रास व्हावा म्हणून नव्हे. मला आता चटकन परत फिरता येणार नाही. पण माझी कितीतरी भावंडं अजून जमिनीखाली गाढ झोपलीत. तेवढी त्यांची झोप मोडू नका, एवढंच मागणं आहे.

गाडी निघाली. बहीण दारात उभी राहून हात हलवत होती. नात तरी सुटली, असं समाधान तिच्या तोंडावर होतं. त्या डोंगरावरही आम्ही कधीच पोचलोय, हे तिला सांगायला मला तोंड नव्हतं.