आत्याची गोळी

आत्याला स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. दवाखान्यातल्या बाकावर ती टेकायची, उठायची, पाण्याची बाटली भरलेली असली तरी पुन्हा भरून आणायची. काचेपलीकडे भाची मरणाशी झुंजतेय, आणि इथे नुसतं बसा म्हणे. बसवतं का माणसाला?

ठमी चार वर्षांची. साधा खोकला म्हणता म्हणता न्यूमोनिया झाला, त्याचं विष रक्तात उतरलं आणि दिवसभर घर डोक्यावर घेणारी पोर निपचित पडली. सकाळी एक शिकाऊ डॉक्टर जाता जाता बोलून गेला, "थायरॉईडही फार खाली गेलंय हिचं."

झालं. आत्याने कान टवकारले. वर्षानुवर्षं रोज उपाशीपोटी थायरॉईडची गोळी घेणारी बाई ती. अर्ध्या गल्लीला फुकट सल्ले देत आलेली. "बघ, माझ्यावर गेलीय पोर," ती भावजयीला म्हणाली. "गोळी सुरू करायला हवी. हे काय बघत बसलेत?"

"ताई, डॉक्टर बघतील ना." रडून रडून भावजयीचा आवाज बसला होता.

म्हणे डॉक्टर बघतील. आत्याचे हात नुसते शिवशिवत होते. दुपारी आत बसायची तिची पाळी आली. नर्सने नळीतून द्यायचं दूध वाटीत मोजून ठेवलं, तोच शेजारच्या बाळाचं मशीन कोकलायला लागलं आणि ती तिकडे धावली. आत्याने पर्समधली आपली गोळी काढली, चमच्याने चुरली आणि दुधात ढवळली. आजारपण सुरू झाल्यापासून पहिल्यांदा तिला जरा बरं वाटलं.

तेवढ्यात मोठ्या डॉक्टरीणबाई भावजयीला घेऊन आत आल्या. आत्या गप्प कसली बसतेय. "थायरॉईडचं काय करताय तुम्ही?"

"काही नाही," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "तिची ग्रंथी ठीक आहे. एवढं मोठं इन्फेक्शन झालं की शरीर आपणहून ते हार्मोन कमी करतं, आपण काटकसर म्हणून घरातले जास्तीचे दिवे बंद करतो तसं. दुखणं किती भारी आहे ते त्यावरून कळतं. पण आत्ता वरून गोळी दिली तर दमलेल्या हृदयाला आणखी पळवल्यासारखं होईल. इन्फेक्शन हटलं की ते सहसा आपोआप वर येतं."

आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. वाटीला धक्का मारावा, चुकून सांडलं म्हणावं, असं तिच्या मनात आलंही. पण वाटी रिकामी होती. परत आलेल्या नर्सने दूध सिरिंजमध्ये ओढून घेतलं होतं आणि ती नळीकडे वळली होती.

"थांबा," आत्या म्हणाली. "त्यात मी माझी गोळी घातलीय."

डॉक्टरीणबाई जे काही बोलल्या ते तिने मान खाली घालून ऐकलं. तिला आत यायची बंदी झाली. भावजयीने तिच्याकडे पाठ फिरवून ठमीचा हात धरला, आणि तेच आत्याला जास्त लागलं.

मग मात्र आत्या बाकावर बसली ती बसलीच. बाटली रिकामी पडून राहिली. आत ठमीचा ताप हळूहळू उतरत गेला.

एका सकाळी भावजय बाहेर येऊन शेजारी बसली. "डोळे उघडले तिने. पाणी मागितलं. तो थायरॉईडचा आकडाही वर सरकतोय, काही न देता."

आत्याला रडू फुटलं. भावजयीने तिची पर्स ओढून घेतली आणि गोळ्यांचं पाकीट काढलं. त्या दुपारपासून आत्याने त्याला हात लावला नव्हता.

"हात पुढे करा." तिने आत्याच्या तळव्यावर एक गोळी ठेवली. "ही तुमची, ताई. घ्या, आणि आत जा. मी डॉक्टरांना विचारलंय, चालेल म्हणाल्या. ठमी 'आत्या कुठंय' म्हणतेय."