नमद्याचा डोंगर

जिपारगुलने लोकरीचा नमदा पायाने दूर ढकलला आणि ती रंगमंचाच्या कडेला बसली.

"माझी आजी असले नमदे अंगणात लोकर तुडवून बनवायची. तिकीट नव्हतं लावलं कधी."

आयपेरीने नमदा उचलून पुन्हा मधोमध अंथरला. राजधानीतून, बिश्केकहून, ती डोंगरातल्या नारीनच्या बालनाट्यगृहात दिग्दर्शक म्हणून आली, त्याला एक हिवाळा झाला होता. तीन वर्षांच्या मुलांसाठी तिला नाटक उभं करायचं होतं. लिहिलेलं काही नाही, संवाद नाहीत. तालमीत सुचेल ते ठेवायचं. नमद्याखाली डोंगर असेल, तो श्वास घेईल आणि ढोल वाजला की त्यातून शिंगरू उठेल, एवढंच आतापर्यंत ठरलं होतं. डोंगरही जिपारगुल, शिंगरूही तीच.

"एजे, आत जा. बालवाडीची मुलं येतायत."

"एजे कशाला म्हणतेस? थोरल्या बहिणीला असं कुणी राबवत नाही."

"बरं, नाही म्हणत. तुमच्या लांडग्याला बघून पोरं चड्डीत मुततात. संचालकांना सांगितलंय मी. पुढच्या हंगामात तुम्ही नाही."

जिपारगुलने या रंगमंचावर आयुष्यभर लांडगाच केला होता. गुडघे टेकत नमद्याखाली शिरताना तिचं ठरलं होतं: ढोल वाजू दे. शिंगरू गेलं खड्ड्यात. लांडग्याची अशी आरोळी ठोकायची, की आख्खं नाट्यगृह हादरलं पाहिजे.

मुलं आली. बुटांचा धडधडाट, खोकला, कुणाचं तरी भोकाड. आत मेंढीचा वास कोंदला होता. तिने श्वास घेतला, सोडला. पुन्हा घेतला.

पाठीवर काहीतरी टेकलं. छोटंसं, उबदार. गाल असावा.

"झोपलाय," एक मुलगी कुजबुजली. मग मोठ्याने, "ए, गप्प बसा ना! झोपलाय तो!"

रडणं थांबलं. एकेक तळहात पाठीवर येऊन बसला. किंकाळ्या, टाळ्या, हुंदके जिपारगुलला पाठ होते. अशी शांतता तिच्या वाट्याला कधी आली नव्हती.

ढोल वाजला. तिने छाती भरून घेतली. फुगलेल्या पाठीबरोबर सगळे हात वर उचलले गेले. कुणीतरी थोपटू लागलं.

तिने श्वास हळूहळू सोडला.

ढोल पुन्हा वाजला, जोरात. डोंगर हलला नाही.

मुलं गेल्यावर आयपेरीने नमदा खसकन ओढला.

"बहिऱ्या आहात का? दोनदा वाजवला ढोल!"

"ऐकला."

"मग उठला का नाहीत?"

"झोपला होता तो."

"कोण?"

"डोंगर. आणखी कोण?" जिपारगुल खेकसली. "आणि ढोल कसला बडवता, मूर्खांनो? मुलं घाबरतात."

आयपेरी तिच्याकडे बघत राहिली. मग कोपऱ्यातल्या वादकाकडे वळून म्हणाली, "उद्यापासून ढोल नको."

जिपारगुलने नमद्याचं एक टोक हातात घेतलं.

"बघतेस काय? ते टोक धर. आणि ताणू नकोस, फाटेल."