पांढऱ्या ठिपक्यांचा खटला

"मानवजातीच्या इतिहासाचे दोनच भाग पडतात," शिडीच्या वरच्या पायरीवरून दादांनी जाहीर केलं, "हे यंत्र येण्याआधीचा आणि हे यंत्र आल्यानंतरचा." एवढं बोलून त्यांनी माळ्यावरचं खोकं ओढलं, आणि दुसऱ्या भागातली सगळी धूळ त्यांच्या तोंडावर आली.

"शिंकायचं असेल तर आधी खाली उतर," शिडी धरून उभी असलेली चिमणी म्हणाली.

चिमणी म्हणजे दादांची धाकटी बहीण. नाव चिमणीचं, पण मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होईपर्यंत तिने अख्खी शाळा नुसत्या नजरेने गप्प बसवली होती. दोघंही आता एकटीच, म्हणून आईवडिलांच्या घरात एकत्र राहायचं ठरलं होतं. सगळं गुण्यागोविंदाने ठरलं. घोडं अडलं ते गॅलरीच्या खोलीवर. ती दोघांनाही हवी होती. दुसऱ्या खोलीच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसे, आणि तीही मागची.

शेवटी तोडगा निघाला. लहानपणी या यंत्रावर खेळताना वीज गेल्यामुळे अर्धवट राहिलेला सामना पुरा करायचा. जिंकेल त्याची खोली. तेव्हा कोण पुढे होतं यावर एकमत होणं शक्यच नव्हतं, म्हणून पुन्हा शून्यापासून.

खोक्यातून यंत्र निघालं. घरच्या टीव्हीवर खेळ दाखवणाऱ्या अगदी पहिल्या पिढीतलं. त्याला रंग ठाऊक नव्हते, आवाज नव्हता, गुण मोजता येत नव्हते. तीन पांढरे ठिपके आणि मधे एक रेघ, एवढाच त्याचा संसार. मैदान छापलेला पारदर्शक कागद टीव्हीच्या काचेवर चिकटवला, की झालं टेनिस. नव्या चपट्या टीव्हीने या पाहुण्याला ओळखच दाखवली नाही. मग दादांनी आपला जुना, पोट सुटलेला टीव्ही गॅलरीच्या खोलीत मांडला.

टीव्ही दुरुस्त करण्यात दादांची हयात गेलेली. त्यांनी यंत्र उघडलं, फुगलेले कपॅसिटर बदलले, गंजलेले सांधे घासले, नवे सेल घातले. यंत्र ढिम्म. मग त्यांना साक्षात्कार झाला की याचं चालू-बंद करायचं बटणच कुठेतरी पडलंय. ते शोधायला त्यांनी पलंगाखालून झाडू फिरवला.

"दादा, त्याला बटण कधी नव्हतंच," चिमणी म्हणाली. "खेळाचं कार्ड खाचेत घातलं, की तेच चालू होतं."

"मला माहीत होतं."

"मग झाडू कशाला?"

"खोली माझीच होणार आहे. स्वच्छ नको?"

गुण मोजायला शेजारचे निवृत्त न्यायाधीश आले. "मी जन्मात कुणाची बाजू घेतली नाही," असं सांगून त्यांनी घरातली सगळ्यात चांगली खुर्ची घेतली.

कार्ड आत गेलं, ठिपके उजळले. यंत्र मुकं असल्यामुळे लहानपणी दोघं फटक्यागणिक तोंडाने 'टॉक' करायची. चिमणीने पहिला फटका मारला आणि सवयीने जीभ टाळूला लावली. कवळीमुळे त्याचा 'फ्लॉप' झाला. दादा इतके हसले की चेंडू निघून गेला.

"हा गुण धरू नका, साहेब."

"धरा, साहेब. याला हसायला मी सांगितलं नव्हतं."

पुढचा चेंडू दादांच्या जवळ येता येता हवेतच वळला. चिमणी बाजूचा नॉब फिरवत होती.

"अजून तुझे तेच धंदे."

"ज्याने चेंडू मारला त्याला तो वळवता येतो. यंत्रातच दिलंय तसं."

टॉक, फ्लॉप, टॉक, फ्लॉप. थोड्या वेळाने खोलीत तिसराच, भारदस्त 'टॉक' ऐकू येऊ लागला. न्यायाधीश खुर्चीच्या कडेवर आले होते.

अंधार पडायला आला तेव्हा चिमणीने विचारलं, "साहेब, गुण किती झाले?"

न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ते तुम्ही मोजत नव्हता?"

दादांना चिडायला हवं होतं. पण सामना अजून संपलेला नाही, या विचाराने त्यांना आतून गुदगुल्या झाल्या. चिमणीचाही पदर तोंडावर गेला होता.

न्यायाधीश ताठ बसले. "निकाल राखून ठेवण्यात येत आहे. तोवर वादग्रस्त खोली यंत्राच्या ताब्यात राहील. पक्षकारांपैकी एकाने भिंतीसमोर आणि एकाने बाहेरच्या खोलीत झोपावं. सुनावणी रोज संध्याकाळी."

दोन्ही पक्षकारांनी निमूट मान डोलावली. न्यायाधीश उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले.

"तो चेंडू वळवायचा नॉब," ते हळूच म्हणाले, "एकदा मला फिरवू द्याल का?"