निलेशच्या चिठ्ठीचं पान

"काल बरो होतंस मा रे? आज काय झाला तुका?" वर्षाली संगणकाच्या पडद्याला नाक लावून कुरकुरली. तिला वाटलं, कुणी ऐकलं नाही. मी ऐकलं.

मित्रांनो, मी एक जुनं पान आहे. कागदाचं नव्हे, संकेतस्थळावरचं. मालवणच्या बाजारात वर्षालीचं इंटरनेटचं दुकान होतं. चुकतमाकत ती सगळं आपलं आपणच शिकली, आणि २००४ साली परगावी गेलेल्यांच्या निरोपांसाठी तिने हे संकेतस्थळ काढलं. माझ्या वाट्याला निलेशची चिठ्ठी आली. जहाजावर चढण्याआधी त्याने ती मुंबईहून लिहिली होती: 'आये, शिमग्याक येतंय. माझ्यासाठी खारो बांगडो ठेव.'

त्याची आई यशोदा मासे विकायची. तिला वाचता येत नव्हतं. वर्षालीने वाचून दाखवलं तेव्हा तिने पडद्यावरून हात फिरवला. काचेला दोन दिवस मासळीचा वास होता. माझं तेवढं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही.

पुढच्याच महिन्यात जहाज वादळात सापडलं. कंपनीने कळवलं, निलेश बेपत्ता. गावानेही तोच शब्द धरून ठेवला. सोमवारी मासळीला गिऱ्हाईक कमी, म्हणून यशोदा दर सोमवारी टोपली दाराबाहेर ठेवून आत यायची आणि चिठ्ठी ऐकायची. शिमगा जवळ आला की बरणीत बांगडे खारवायची. असे तीन शिमगे गेले.

मग सर्व्हर बदलला. आमची अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवली आहेत, हे नव्या सर्व्हरला कुणी सांगितलंच नव्हतं. सगळ्या पानांची खिचडी झाली. वर्षाली पडद्याला नाक लावून कुरकुरली ती तेव्हाच. नेमकी यशोदा बाकावर बसून होती, म्हणून वर्षालीने पहिल्यांदा मलाच हातात घेतलं. घाईत तिने मला फक्त इंग्रजी कळणाऱ्या जुन्या प्रोग्रॅममध्ये उघडलं आणि तसंच सेव्ह केलं. अक्षराअक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह बसलं. आतलं मूळच पुसलं गेलं.

खरं तर सर्व्हरला एक ओळ सांगायची होती, बस्स. संध्याकाळी ती सापडली आणि बाकीची सगळी पानं जशीच्या तशी परत आली. परत आलं नाही ते फक्त मी. मायेने पहिला नंबर दिला, तोच नडला.

मित्रांनो, दुरुस्तीला हात घालण्याआधी एक नक्कल काढून ठेवत जा. आवडत्या पानाची तर आधी.

वर्षाली तेच शब्द पुन्हा टाईप करायला दोनदा बसली. पण ते निलेशने लिहिलेले झाले नसते, म्हणून तिने दोन्ही वेळा पुसले. दर सोमवारी ती माझ्याकडे बघत चिठ्ठी तोंडपाठ म्हणायची. यशोदा मान डोलवायची.

पुढच्या शिमग्याआधीच्या सोमवारी वर्षाली 'शिमग्याक येतंय'पर्यंत आली, तोच यशोदेने तिचा हात धरला. दुसऱ्या हाताचं बोट तिने माझ्यावरच्या वाकड्या चिन्हांवरून फिरवलं. मासे धरायची गरी असते ना, आकडा, तशीच ती दिसत होती.

"ही सगळी गरीच आसत गो. पयल्याच दिवशी दिसली माका. तुझा तोंड बघून गप रवलंय."

वर्षालीला मान वर करवेना. यशोदेने तिचा हात थोपटला.

"औंदा बांगडो खारवूक नाय," ती म्हणाली. "माझो निलेश मेलो गो."